निसर्गसान्निध्यातील आधुनिक निवास : रचना आणि विवेक

(भाषणाचा मजकूर)

रानात राहणाऱ्या माणसाचे घर आणि रान पाहावयास येणाऱ्या माणसाचे घर या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. कातकऱ्याची खोपी, शेतावरचा राखणीचा माळा, धनगराचा तात्पुरता वाडा ही पहिल्या प्रकारची घरे. ती गरजेतून उभी राहतात, हाताशी असलेल्या कुडामातीची असतात आणि गरज सरली की मातीत मिळून जातात. दुसऱ्या प्रकारचे घर सोयीतून जन्मास येते. त्याला मोठ्या काचा लागतात, गरम पाण्याची सोय लागते, चोवीस तास वीज लागते आणि या सर्वांसह ‘आपण निसर्गात आहोत’ ही भावनाही लागते. गेल्या काही वर्षांत या दुसऱ्या प्रकारच्या घरांची मागणी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना झपाट्याने वाढली आहे. पुणे, सातारा, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील अनेक ग्रामपंचायतींपुढे अशा बांधकामांचे कागद येत असतात. राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारल्यानंतर गावकरीही आपल्या शेतावर चार खोल्या बांधण्याचा विचार करू लागले आहेत. तेव्हा असे घर चांगले कशाला म्हणावे, याचा विचार केवळ वास्तुशिल्पज्ञांवर सोडून चालणार नाही. तो परवानगी देणाऱ्याने, तपासणी करणाऱ्याने आणि त्या घराच्या उताराखाली राहणाऱ्यानेही केला पाहिजे.

जगात अशी काही घरे आहेत की ज्यांच्याविषयी ग्रंथ लिहिले गेले. त्यांची छायाचित्रे पाहून आज अनेक नकाशे तयार होतात. मात्र त्या घरांचे पुढे काय झाले, हे छायाचित्रात दिसत नाही.

सर्वांत लहान घरापासून प्रारंभ करणे योग्य ठरेल. चंदीगड शहराची आखणी करणारे ल कॉर्बुझिए यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून–काप–मार्तँ येथे 1952 मध्ये स्वतःसाठी एक लाकडी केबिन उभारली. ज्या काळात ते एका नव्या राजधानीचे आराखडे करीत होते, त्याच काळातील ही निर्मिती. तिची लांबी 3.66 मीटर आणि रुंदीही तितकीच. म्हणजे आपल्याकडील बारा फुटांची चौरस खोली. उंची 2.26 मीटर. तिचे भाग कॉर्सिका बेटावर तयार करून आणून जोडण्यात आले. आत पलंग, टेबल, कपाट, हात धुण्याची जागा, सारे इंचाइंचाने बेतलेले. स्वयंपाकघर मात्र नाही. लागून असलेल्या छोट्या उपाहारगृहात जाण्यासाठी भिंतीतच दार ठेवले होते. समुद्राकडे पाहणारी खिडकी लहान आहे. मोठे दृश्य पाहावयाचे तर माणसाने बाहेर यावे, असा जणू तिचा आग्रह. 2016 मध्ये या केबिनचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. सुखसोय म्हणजे क्षेत्रफळ नव्हे, ही गोष्ट पटवून देण्यासाठी यापेक्षा मोठा साक्षीदार मिळणे कठीण. आज ‘कॉटेज’ या नावाखाली तीन मजली इमारतींचे नकाशे सादर होतात, तेव्हा ही बारा फुटांची खोली आठवणे उद्बोधक ठरेल.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बेअर रन नावाच्या ओढ्यावरील ‘फॉलिंगवॉटर’ हे घर याहून कितीतरी प्रसिद्ध आहे. पिट्सबर्गचे व्यापारी एडगर कॉफमन यांची अपेक्षा अशी होती की, घर धबधब्यासमोर असावे व घरातून धबधबा दिसावा. फ्रँक लॉइड राइट यांनी 1935 मध्ये जो आराखडा दिला, त्यात घर धबधब्याच्या माथ्यावरच होते. धबधबा पाहावयाचा नाही, त्याच्यासह राहावयाचे, ही त्यामागील कल्पना. भिंतींचा दगड तेथल्याच परिसरातून काढला. दिवाणखान्यातील शेगडीपाशी मूळचा खडक तसाच राहू दिला. एका टोकाला आधार आणि दुसरे टोक अधांतरी, असे काँक्रीटचे सज्जे ओढ्यावर पुढे काढले. मुख्य घर 1937 मध्ये आणि पाहुण्यांसाठीचे घर 1939 मध्ये पूर्ण झाले.

सौंदर्याच्या दृष्टीने या घराला तोड नाही. परंतु सज्ज्यांमध्ये घातलेल्या सळयांवरून बांधकाम चालू असतानाच वाद झाला होता. आराखड्यात दाखविल्यापेक्षा जादा सळया घालण्यात आल्या आणि त्याबद्दल राइट रुष्ट झाले. त्या जादा सळयाही अपुऱ्या होत्या, हे पुढे सिद्ध झाले. आधार काढताच सज्जे झुकू लागले आणि साठ वर्षांत त्यांचे टोक सुमारे सात इंचांनी खाली आले. अखेर 2002 मध्ये पोलादी तारा ताणून त्यांना बळकटी द्यावी लागली. गळतीची आणि दमटपणाची तक्रार तर प्रथमपासूनच होती. हे घर 1963 मध्ये एका संरक्षण संस्थेच्या स्वाधीन झाले आणि 2019 मध्ये जागतिक वारसा ठरले, म्हणूनच त्याची इतकी देखभाल होऊ शकली. वाहत्या पाण्यावर घर बांधण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी या देखभालीचाही हिशेब मांडावयास हवा.

तिसरे उदाहरण अधिक विस्ताराने पाहण्यासारखे आहे. कारण आपल्याकडील नदीकाठच्या बांधकामांशी त्याचा निकटचा संबंध पोहोचतो. शिकागोतील डॉक्टर ईडिथ फार्न्सवर्थ यांना सुट्टीचे दिवस घालविण्यासाठी एकांतातील घर हवे होते. इलिनॉय राज्यात प्लेनो गावाजवळ फॉक्स नदीच्या काठी त्यांनी जागा घेतली आणि रचनेचे काम मीस व्हान डेर रोह यांच्याकडे सोपविले. 1951 मध्ये पूर्ण झालेले हे घर म्हणजे आठ पोलादी खांबांवर पेललेली एकच लांब खोली. चारी बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काच. भिंत म्हणून काही नाहीच. झाडी हीच भिंत. आज जगभर काचेची जी ‘निसर्गगृहे’ दिसतात, त्यांची आजी म्हणावी अशी ही वास्तू आहे.

जागा पूरक्षेत्रातील आहे, हे रचनाकारास ठाऊक होते. म्हणून जमीन पातळीपासून सुमारे सव्वापाच फूट उंचीवर घराचा तळ ठेवण्यात आला. पूर्वीच्या पुरांच्या माहितीवरून एवढी उंची पुरेशी वाटली. प्रत्यक्षात तीनच वर्षांनी, 1954 मध्ये, नदीचे पाणी घराच्या तळाच्याही वर सुमारे चार फूट चढले. 1996 मध्ये ते सुमारे पाच फूट चढले, काचा फुटल्या आणि आतील लाकडी काम वाया गेले. 2008 मध्ये पुन्हा पाणी शिरले. नदी तीच, घर तेच. मग पूर का वाढले? वरच्या बाजूला शिकागोची उपनगरे वाढली, माती झाकली गेली, रस्ते आणि छपरे यांवरून पाणी मुरण्याऐवजी धावू लागले. घराची उंची ठरविताना भूतकाळातील नदी मोजली गेली. नदी मात्र दरवर्षी नवी होत होती. पूररेषेचा नकाशा ज्यांच्या कपाटात आहे, त्या प्रत्येक कार्यालयाने हा अनुभव ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पुराखेरीज दैनंदिन अडचणीही होत्या. उघडता येतील अशा खिडक्या अवघ्या दोन, त्याही एका टोकाला लहानशा. उन्हाळ्यात उष्मा आणि हिवाळ्यात काचांवर ओल. रात्री दिवा लावला की नदीकाठचे सारे कीटक त्या उजेडाकडे धावत. चहूकडून पारदर्शक असलेल्या घरात एकट्या राहणाऱ्या स्त्रीला एकांत कोठून लाभणार, हा प्रश्न तर नकाशावर कोणी मांडलाच नव्हता. खर्च अंदाजाबाहेर गेला, मालकीण आणि रचनाकार यांच्यात कोर्टकचेरी झाली. पुढे हातबदल होत 2003 मध्ये हे घर लिलावात पंचाहत्तर लाख डॉलरला जतन करणाऱ्या संस्थांनी घेतले आणि 2021 पासून ते ईडिथ फार्न्सवर्थ यांच्या पूर्ण नावाने ओळखले जाते. घर ज्यांच्यासाठी होते, त्यांचे नाव त्याला पूर्णपणे मिळण्यास सत्तर वर्षे लागली.

नॉर्वेतील वालडाल येथे एका खोल घळीकाठी उभारलेल्या अतिथिगृहाची रचना वेगळ्या विचाराने झाली आहे. एकच मोठी इमारत न बांधता बर्च वृक्षांमध्ये सुट्या खोल्या ठेवल्या आहेत. खडक फोडला नाही, जमीन सपाट केली नाही. खडकात जाड पोलादी दांडे बसवून त्यांवर प्रत्येक खोली टेकविली आहे. उद्या ती उचलली तर खडकात काही भोके तेवढी उरतील. प्रत्येक खोलीचे तोंड असे फिरविले आहे की एकीतून दुसरी दिसू नये. काच येथेही आहे, पण एकदोन बाजूंनाच; आतील रंग गडद, जेणेकरून नजर आपोआप बाहेर जावी. हवामान निराळे असल्याने तेथील काच आपल्याकडे जशीच्या तशी आणता येणार नाही. खोली जमिनीवर टेकविण्याची रीत मात्र आणता येईल.

आपल्या हवामानाच्या अधिक जवळचे उदाहरण श्रीलंकेचे. जेफ्री बावा यांनी दाम्बुलानजीक कंडलामा तलावाच्या काठी उभारलेले हॉटेल 1994 मध्ये सुरू झाले. प्रथम जी जागा सुचविण्यात आली होती, ती सिगिरिया या प्राचीन शिलादुर्गाच्या पायथ्याशी होती. बावांनी ती नाकारली. वारसास्थळाला चिकटून हॉटेल बांधण्याऐवजी काही मैल दूर, तलावापलीकडे सिगिरियाचा खडक क्षितिजावर दिसेल अशी जागा त्यांनी निवडली. जागा नाकारणे हीदेखील रचनाच आहे आणि रचनाकाराच्या साऱ्या निर्णयांत ती बहुधा सर्वांत अवघड असते. कारण तेथे मालकाच्या इच्छेविरुद्ध बोलावे लागते.

या हॉटेलला प्रारंभी तीव्र विरोध झाला. बौद्ध भिक्षू, पर्यावरणवादी आणि परिसरातील लोक यांना तलावाच्या पाण्याची चिंता होती आणि ती अनाठायी नव्हती. सिंचनाच्या तलावाकाठी दीडशेच्यावर खोल्या म्हणजे तेवढ्या खोल्यांचे सांडपाणी. ते शुद्ध करून बागेस वापरण्याची व्यवस्था पुढे या वास्तूच्या ओळखीचाच भाग झाली. इमारत सुमारे एक किलोमीटर लांब आहे, पण ती कड्याच्या वळणाबरोबर वळते. अनेक ठिकाणी ती खांबांवर उभी असल्याने पावसाचे पाणी आणि प्राणी खालून जातात. काही जागी मूळचा कातळ थेट मार्गिकेत आलेला आहे. दर्शनी भागावर वेलींसाठी चौकट बांधली, छपरांवर माती आणि हिरवळ घातली. आज तलावाच्या पलीकडून पाहिले तर इमारत चटकन नजरेस येत नाही. वानरे मात्र तिला आपलीच समजतात आणि पाहुण्यांना दारे लावून घेण्याची सूचना द्यावी लागते. रानाशी जवळीक म्हटली की ती दोन्ही बाजूंनी येणार.

आता सह्याद्रीकडे वळू. कंडलामाच्या परिसरापेक्षा येथील पाऊस कितीतरी अधिक. कोकणात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि महाबळेश्वरसारख्या माथ्यावर त्याच्या जवळजवळ दुप्पट. हा पाऊस चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने वाड्यावस्त्यांवर पाण्याचा प्रश्न उभा राहतो. येथील घराच्या रचनेत या एकाच वस्तुस्थितीवर निम्मे निर्णय अवलंबून असतात.

एक साधा हिशेब मांडता येईल. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटरहून किंचित कमी, म्हणजे 1.2 मीटर खोलीचा पोहण्याचा तलाव साठ हजार लिटर पाणी घेतो. ग्रामीण पाणीपुरवठ्यात माणशी दररोज 55 लिटरचे प्रमाण धरले जाते. त्या प्रमाणाने शंभर माणसांच्या वाडीला हे पाणी सुमारे अकरा दिवस पुरेल. एप्रिल महिन्यात विंधन विहिरीतून असा तलाव भरला जात असेल आणि खालच्या वाडीत टँकर येत असेल, तर त्या घराच्या भिंती कितीही सुंदर असोत, त्याची रचना फसली असे म्हणावे लागेल.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. शंभर चौरस मीटर छपरावर कोकणात वर्षाला तीन लाख लिटर पाऊस पडतो. गळती आणि वाया जाणारा भाग वजा जाता दोन लाख चाळीस हजार लिटर हाती लागण्यास हरकत नाही. घरात चार पाहुणे दररोज प्रत्येकी दोनशे लिटर वापरतील असे धरले, तर कोरड्या आठ महिन्यांची गरज एक लाख ब्याण्णव हजार लिटर होते. म्हणजे छप्पर स्वतःच्या पाहुण्यांची तहान भागवू शकते. अडचण साठवणीची आहे. एवढ्या पाण्याला आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाके लागेल. पाहुण्यांच्या खोल्यांपेक्षा मोठे! म्हणूनच टाके हे नंतर जोडावयाचे उपांग न मानता त्यालाच जोते करून वर घर बेतावे. पाहुणे बारमाही नसतील तर टाके निम्म्याने लहान करता येईल. मात्र हा हिशेब नकाशाबरोबर यावा, घर उठल्यावर नव्हे.

सांडपाण्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. जांभा हा सच्छिद्र खडक. त्यात शोषखड्डा खणला की पाणी चटकन नाहीसे होते आणि मालक समाधान पावतो. परंतु ते नाहीसे होत नाही, उताराच्या दिशेने जाते आणि तिकडेच कोणाची तरी विहीर किंवा पाणवठ्याचा झरा असतो. सेप्टिक टँकमधून निघणारे पाणी रोपांच्या वाफ्यांतून, वाळूखडीच्या थरांतून गाळून बागेला देण्याच्या साध्या पद्धती उपलब्ध आहेत. त्यांना जागा लागते. ती जागा खोल्यांनी व्यापण्यापूर्वी राखून ठेवली नाही, तर पुढे मिळत नाही.

जमिनीच्या निवडीत एक गैरसमज फार रुजलेला आहे. डोंगरमाथ्यावरचे कातळसडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात, म्हणून ती पडीक जमीन समजली जाते. कासच्या पठाराचा 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समावेश झाला, तो याच दिसावयास ओसाड कातळावर पावसाळ्यात उमलणाऱ्या वनस्पतींमुळे. असा सडा जेसीबीने सपाट करून त्यावर बाहेरची लाल माती आणि विदेशी हिरवळ पसरली की शोभा वाढल्यासारखी वाटते. वस्तुतः ज्यासाठी पाहुणे येणार, तीच गोष्ट नष्ट झालेली असते.

उताराचा प्रश्न याहून गंभीर आहे. माळीण येथे 2014 मध्ये, तळिये येथे 2021 मध्ये आणि इर्शाळवाडी येथे 2023 मध्ये दरड कोसळून वस्त्याच्या वस्त्या गाडल्या गेल्या. तिन्ही दुर्घटना जुलै महिन्यातील. तेथे कोणाची विलासगृहे नव्हती. साध्या माणसांची घरे होती. पण त्यांतून एवढे निश्चित कळते की अतिवृष्टीत उतार किती भार सोसेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. अशा उतारावर दृश्यासाठी पायरी कापणे, कापलेली माती खालीच लोटणे, वरून येणारा ओहोळ पाइपात कोंबणे ही कामे करणारा मनुष्य शनिवार–रविवार येतो. खाली राहणारा बारमाही असतो. जोखीम एकाची आणि देखावा दुसऱ्याचा, अशी वाटणी परवानगीच्या कागदावर दिसत नाही. महाबळेश्वर–पाचगणी आणि माथेरान ही क्षेत्रे अनुक्रमे 2001 आणि 2003 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाली, तेथे निदान नियमांचा आधार आहे. त्याबाहेरच्या शेकडो गावांत ग्रामसभेची जागरूकता हाच पहिला आधार.

बांधकामाचे साहित्य आणि हवा यांबाबत जुन्या कोकणी घराने बरेच काही आधीच सोडवून ठेवले आहे. चिऱ्याची जाड भिंत, मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर, भिंतीपुढे दूरवर येणारी पाखे, उन्हापावसाला अडविणारी पडवी. काचेची भिंत हवीच असेल तर ती उत्तरेला, खोल पडवीच्या आत असावी. पश्चिमेची काच दुपारी खोलीची भट्टी करते आणि मग वातानुकूलन यंत्र बसवून रानातही खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. अंगणातील दिवे खाली तोंड केलेले, मंद आणि रात्री ठराविक वेळी बंद होणारे असावेत. काजव्यांच्या हंगामात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, तर ते लावूच नयेत; लोक काजवे पाहावयास येतात आणि दिव्यांच्या झगमगाटात त्यांना शोधत बसतात!

शेवटी पाहणीच्या वेळेविषयी. अशा जागा बहुधा हिवाळ्यात किंवा मे महिन्यात पाहिल्या जातात, खरेदी होतात आणि नकाशे काढले जातात. त्या वेळी ओहोळ कोरडे असतात, झरे आटलेले असतात, माती घट्ट असते. जागेची दुसरी पाहणी आषाढात, मुसळधार पाऊस चालू असताना व्हावयास हवी. पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोणत्या बांधावरून उडी घेते, जुने ओघळ कोठे आहेत, हे तेव्हा डोळ्यांनी दिसते. त्या परिसरात गुरे चारणारा किंवा भातखाचरे राखणारा माणूस सोबत असला तर काम निम्म्या वेळात होते. त्याने दाखविलेल्या खुणा नकाशावर उतरवाव्यात, खाली कोणाच्या विहिरी आहेत ते लिहावे आणि असा पावसाळी नकाशा पंचायतीने अर्जदाराकडे मागावा. हे काम एका दिवसाचे आहे. बांधकामाच्या खर्चात त्याचा खर्च जाणवणारही नाही.